व्हेनिसच्या पाण्यावर गुणाबाई

ज्योत्सनाने फोनवर तिसऱ्यांदा सांगितलं, तरी मंगरूला काही पटेना.

"रस्तेच नाईत? मंग लोकं बजाराले कसे जाते?"

"नावेनं, बाबा."

"अन् दवाखान्यात?"

"नावेनंच. आंबुलन्स बी नावच आहे."

"अन् माणूस मेला तं?"

"तं बी नावेनंच. मसनवट एका बेटावर आहे."

मंगरूने फोन बायकोच्या हातात दिला. "घे, तूच बोल. पोरगी बह्याड झाली तिकडं जाऊन."

गुणाबाई मात्र लेकीचा शब्द न् शब्द खरा मानून बसली होती. ज्योत्सना साकोलीला शिकली, मग नागपूरला शिकली, आणि दोन वर्षांपूर्वी शिष्यवृत्ती मिळवून थेट इटलीतल्या व्हेनिसला गेली. तिथं ती पाण्यातल्या वनस्पतींचा अभ्यास करत होती. मासे धरणाऱ्या ढिवराची पोर तलावातल्या चिल्यावर, त्या पाणगवतावर, डॉक्टर होणार, याचं गावात अर्ध्यांना हसू आलं होतं आणि अर्ध्यांना कौतुक. गुणाबाईला दोन्हीची फिकीर नव्हती. तिला फक्त लेक पाहायची होती आणि ते पाण्यातलं शहर पाहायचं होतं. नाताळाच्या सुट्टीत ज्योत्सनाच्या शेजारची खोली रिकामी होणार होती. तिथली मैत्रीण गावी जाणार होती. दोन आठवड्यांसाठी दोघांनी यावं असा ज्योत्सनाचा हट्ट होता, आणि तिकिटंही तिने काढूनच टाकली होती.

"तलाव सोडून तलाव पाहाले कोण जाते?" मंगरू म्हणाला. "हंगाम आहे मासोळीचा. सोसायटीचं काम कोण पाहील?"

"मी पाहीन न," मुलगा प्रीतम म्हणाला. सून रंजूने तर सासूची पिशवीच भरायला घेतली. जवसाची चटणी, लाखोळीची डाळ, तिखट, हळद. सुकी मासोळी मात्र ज्योत्सनाच्या धाकाने राहिली. साकोलीच्या बाजारात पंचवीस वर्षं मासोळी विकणारी गुणाबाई बाजारातल्या सगळ्या बायांना सांगून आली, "मी इटलीले जाऊन राहिली." तिथल्याच कुलदीपच्या कपड्यांच्या दुकानातून तिने एक जाडजूड लाल स्वेटर घेतलं. ते बापयाचं, पुरुषी मापाचं होतं, पण ऊब दुप्पट होती. मंगरूने आपली जुनी घोंगडीच बरोबर घेतली.

मंगरू शेवटपर्यंत कुरकुरत होता. पण निघायच्या दिवशी तोच बस यायच्या दीड तास आधी स्टॅन्डवर जाऊन उभा राहिला.

विमानाच्या प्रवासाबद्दल गुणाबाईने नंतर गावात बरंच काही सांगितलं, पण खरं तर ती बराच वेळ डोळे मिटून बसली होती. तिच्या लेखी प्रवास सुरू झाला तो व्हेनिसच्या विमानतळाबाहेर. ज्योत्सना धावत आली, मायच्या गळ्यात पडली, बाबांच्या पाया पडली आणि दोघांना चालवत चालवत थेट एका धक्क्यावर घेऊन गेली. समोर पाणी होतं. पाण्यावर धुकं होतं, नागझिऱ्याच्या रस्त्यावर पौषातल्या सकाळी असतं तसं, दाट आणि पांढरं. धुक्यात एक मोठी बंद नाव घुरघुरत उभी होती.

"हे पाय," ज्योत्सना म्हणाली, "आपली बस."

 नावेत पाय टाकताना मंगरूने सवयीने तिचा काठ हाताने दाबून पाहिला.

नाव निघाली. पाण्यात जागोजागी तीन-तीन खांब एकत्र बांधून रोवले होते. त्यांच्यावर पांढरे पक्षी अंग चोरून बसले होते. "हे काहून गाडले?" मंगरूने विचारलं. ज्योत्सनाने सांगितलं, की पाणी दिसतं मोठं पण फार उथळ आहे, नाव कुठून न्यायची ते या खांबांवरून कळतं. मंगरूने मान हलवली. ही गोष्ट त्याला कळली. या गावात शहाणी माणसं राहतात, असं त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा उमटलं.

आणि मग धुकं विरलं. हळूहळू नाही, एकदम. गुणाबाईच्या डोळ्यांसमोर पाण्यातून एक आख्खं शहर उभं राहिलं. लाल विटांचे मनोरे, गोल घुमट, तीन-चार मजली जुनी घरं. घरांच्या पायऱ्या पाण्यात उतरलेल्या, दारं पाण्यावर उघडणारी. ना तलावासारखी पाळ, ना अंगण.

"अगाई माय!" ती उभीच राहिली. "ज्योत्सने, हे घरं बुडत नाईत?"

"हजार वर्सं झाले, माय. अजून तं उभे आहेत."

एका नावेत कचऱ्याचे डबे चालले होते. दुसरीत कोणाचं तरी कपाट आणि गादी. तिसऱ्या नावेत एक उंच हिरवं झाड उभं केलं होतं आणि ते पडू नये म्हणून टोपी घातलेला एक माणूस त्याला मिठी मारून बसला होता. "नाताळाचं झाड आहे," ज्योत्सना म्हणाली. तेवढ्यात भोंगा वाजवत एक पिवळी नाव सुसाट पुढे गेली. तिच्यावर दवाखान्याची खूण होती.

"खरंच आहे न वं," मंगरू पुटपुटला. "आंबुलन्स."

पुढचे दोन दिवस गुणाबाईच्या पायाला भिंगरी लागली. ज्योत्सना म्हणायची, "माय, आज आराम कर," आणि गुणाबाई लाल स्वेटरवर पदर खोचून दारात तयार. किती पूल चढली आणि किती उतरली याचा तिने हिशेब ठेवला नाही. गल्ल्यांवरून निळ्या-पांढऱ्या दिव्यांच्या माळा टांगल्या होत्या. मिठाईच्या दुकानांत टोपल्याएवढे फुगीर गोड पाव रंगीत कागदात बांधून छताला लटकवले होते. सोन्याने मढवलेल्या एका मोठ्या देवळात ती शिरली, तर वर पाहता पाहता तिची मान दुखायला लागली. मेरीमायच्या मांडीवरच्या बाळाला तिने हात जोडले आणि मंगरूला कोपराने ढोसून त्यालाही जोडायला लावले.

चोवीस तारखेला सकाळी ज्योत्सना म्हणाली, "आज मासोळी बजार दाखवतो. आजच्या सांजेले इथले लोकं मटन खात नाईत, मासोळीच खाते. अन् जुने लोकं तं वामच खाते."

"वाम?" गुणाबाईचे डोळे चमकले. "आपली वाम?"

"तिची बहीण समज."

बाजार मोठ्या कालव्याच्या काठावर होता. वर कमानी, खाली ओल्या दगडांवर मांडलेली टेबलं आणि त्यांवर बर्फ. गुणाबाईने इतक्या जातीची मासोळी जन्मात पाहिली नव्हती. पण बाजार तिला एका नजरेत कळला. पाणी शिंपडायची तीच लगबग, गिऱ्हाईक पुढे सरकलं की तीच हाक, मासोळीचा कल्ला उघडून ताजेपणा दाखवायची तीच ऐट. ती प्रत्येक टेबलासमोर थांबत होती आणि विकणाऱ्यांच्या हातांकडे पाहत होती.

टोकाच्या टेबलावर एक पिकल्या केसांची धिप्पाड बाई होती. तिच्यासमोर गिऱ्हाइकांची रांग लागली होती, आणि बाजूला जमिनीवर मोठं निळं घमेलं ठेवलं होतं. त्यात जिवंत वामी वळवळत होत्या. काळ्या, हातभर लांब, तेलात बुडवल्यासारख्या चकचकीत.

पुढे जे झालं ते डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच झालं. कोणा पाहुण्याची भलीमोठी चाकांची पेटी ओल्या दगडावरून घसरली आणि घमेल्यावर आदळली. घमेलं कलंडलं. वामी बाहेर.

एकच ओरडा झाला. बाया पायऱ्यांवर चढल्या. एक म्हातारा छत्री घेऊन एका वामीवर धावला आणि स्वतःच बसकण मारून पडला. रांगेतली माणसं वाकून वाम धरत होती, पण मुठीत धरली की ती दुसऱ्या बाजूने सुटत होती. आणि सगळ्या वामी निघाल्या होत्या उताराकडे. उतार जात होता कालव्याच्या काठाला. पाण्याची दिशा वामीला कोणी सांगावी लागत नाही.

"अजी, काठ धरा काठ!" गुणाबाई ओरडली.

मंगरूने विचारलंही नाही, काहून आणि कसं. त्याने अंगावरची घोंगडी काढली, दोन ढांगांत कालव्याचा काठ गाठला आणि घोंगडी लांबच्या लांब पसरून तिच्यामागे गुडघे टेकून बसला. ओल्या दगडावर सरसर जाणाऱ्या वामी खरखरीत घोंगडीवर आल्या आणि अडखळल्या.

गुणाबाईने पदर कमरेला खोचला आणि खाली वाकली. वाम मुठीत धरायची नसते, हे तिला तिच्या बापाने सहा वर्षांची असताना शिकवलं होतं. मधलं बोट वरून आणि आजूबाजूची दोन बोटं खालून, डोक्याच्या मागे बरोबर अडकवायची. मग ती कितीही वेटोळे घालो, सुटत नाही. एक धरली, घमेल्यात. दुसरी धरली, घमेल्यात. एक टेबलाखाली शिरली होती, तिच्यासाठी ती लुगड्यासकट ओल्या फरशीवर आडवी झाली. "तिकडं, माय, खांबाजवळ!" ज्योत्सना ओरडत होती. मंगरू घोंगडीवरून एकेक वाम गुंडाळून देत होता आणि आजवर कोणत्याच देवळात दिसला नव्हता असा आनंद त्याच्या तोंडावर दिसत होता.

सतरा वामी घमेल्यात परत गेल्या. एक तेवढी काठावरून सुटली आणि पाण्यात गडप झाली.

गुणाबाई उभी राहिली. स्वेटरच्या बाह्या कोपरापर्यंत चिकट झाल्या होत्या. आणि बाजार टाळ्या वाजवत होता. टेबलांमागची माणसं सुऱ्या ठेवून टाळ्या वाजवत होती. ती धिप्पाड बाई आली, तिने गुणाबाईचे दोन्ही खांदे धरले आणि तिच्या एका गालाची, मग दुसऱ्या गालाची पापी घेतली. गुणाबाई लाजेने लालबुंद झाली आणि मंगरू दुसरीकडे पाहायला लागला.

बाईचं नाव ब्रुना. ती भराभरा बोलत होती आणि ज्योत्सना सांगत होती. ब्रुनाचा बाप मासोळी धरायचा, आजाही. तिने विचारलं, तुम्ही कुठले?

"भंडारा," गुणाबाई म्हणाली.

"बंदारा!" ब्रुनाने बाजाराला ओरडून सांगितलं, आणि दोन टेबलांवरून "बंदारा!" असा जयघोष आला.

मग तिने विचारलं, तुमच्याकडे नाव कशी चालवतात? मंगरूची छाती फुगली. त्याने हातांनी डोंगा दाखवला, उभं राहून बांबू रेटायची तऱ्हा दाखवली. ब्रुना आनंदली. आमच्याकडेही उभ्यानेच, ती म्हणाली. आणि मग गुणाबाईकडे बोट करून, "ही?"

"नाई नाई," मंगरू म्हणाला. "आमच्यात बाया डोंग्यात नाई चढत. बाया मासोळी इकते."

ज्योत्सनाने ते सांगितलं. ब्रुनाने भुवया वर केल्या. ती काय म्हणाली ते ज्योत्सनाने मायच्या कानात सांगितलं, "ब्रुना स्वतः चाळीस वर्सांपासून वल्हवते. शर्यतीत बी उतरते. परवा इथं सुट्टी आहे. ती म्हणते, या, माह्या नावेत बसा."

गुणाबाईने लगेच मान डोलावली. 

संध्याकाळी ब्रुनाने भेट दिलेली वाम गुणाबाईने रांधली. भरपूर लसूण, रंजूने दिलेलं तिखट आणि वर थोडी जवसाची चटणी. शेजारचा म्हातारा वास घेत दारात आला. त्याला वाटीभर दिली. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, तरी तो वाटी परत देईना. बाहेर सगळ्या देवळांच्या घंटा एकदम वाजायला लागल्या आणि तो आवाज पाण्यावरून दुप्पट होऊन येत होता.

रस्सा ओरपता ओरपता गुणाबाई म्हणाली, "माह्या बाबाचा डोंगा मी चालवत होती. तुले सांगतलं होतं का?"

ज्योत्सनाने मान वर केली. मंगरूनेही.

"चुलबंद नदीवर. लगन होईपर्यंत. बाबा जाळं टाके न् मी बांबू धरू. इकडं लगन होऊन आली तं सासू म्हणे, बाईनं पाय ठेवला का जाळं रिकामं येते." तिने काटा काढून ताटाच्या कडेला ठेवला. "मंग नाई चढली."

"मले काहून नाई सांगतलं?" मंगरू म्हणाला.

"तुमी इचारलंच कवा?"

सव्वीस तारखेला ऊन पडलं होतं. थंडी अशी, की श्वासाची वाफ दिसावी, आणि आभाळ मात्र निळंशार. ब्रुनाची नाव लांबट, चपट्या बुडाची आणि हिरव्या रंगाची होती. मागे उभं राहून ती स्वतः वल्हवणार होती, पुढे आणखी एकाला जागा होती. वल्हं नावेच्या काठावरच्या एका वाकड्या लाकडी खुंटीत टेकवायचं. ब्रुनाने पहिला मान मंगरूला दिला.

मंगरू पुढे उभा राहिला. तोल त्याचा असा, की नाव हललीसुद्धा नाही. पण वल्हं हातात आलं आणि चाळीस वर्षांची सवय आडवी आली. त्याने ते खुंटीतून काढून सरळ खाली घातलं, तळ शोधायला. तळ सापडला. चिखलही सापडला. नाव पुढे गेली, वल्हं तिथंच राहिलं आणि मंगरू दोन्हींच्या मध्ये धनुष्यासारखा वाकला. ब्रुना ओरडली, ज्योत्सनाने बापाची कंबर धरली. कसंबसं वल्हं निघालं. दुसऱ्या खेपेलाही तेच झालं. तिसऱ्या खेपेला नाव आडवी होऊन भिंतीला लागली.

"हे काई खरं नाई," मंगरू घाम पुसत बसला. "तळाले लागल्याबिगर नाव चालते का कुठं?"

ब्रुनाने गुणाबाईकडे पाहिलं आणि वल्हं पुढे केलं.

"नोको वं," मंगरू घाईने म्हणाला. "पडशीन."

"पडली तं काढजा," गुणाबाई म्हणाली आणि उठली.

तिने चपला काढल्या. मोज्यांनिशी नावेच्या तळावर पाय रोवले, एक पुढे, एक मागे. ब्रुनाने मागून हाताने दाखवलं, ढकल, मग मनगट वळव, मग मागे घे. ढकल, वळव, मागे. पहिल्यांदा वल्हं खुंटीतून निसटलं. दुसऱ्यांदा पाणी उडालं आणि मंगरूच्या टोपीवर पडलं. तिसऱ्यांदा वल्ह्याच्या पात्याने पाणी धरलं. गुणाबाईला ते हातात कळलं, खांद्यात कळलं, पाठीत कळलं. नाव पुढे सरकली. तिच्या ढकलण्याने सरकली.

"चालली!" ती ओरडली. "ज्योत्सने, चालली वं!"

"ब्रावा, गुना! ब्रावा!" मागून ब्रुना.

अरुंद कालव्यातून त्या निघाल्या. डोक्यावरून एक पूल गेला, मग दुसरा. वर पुलावर लोक थांबून पाहत होते. लाल स्वेटर, हिरवं लुगडं, कपाळावर कुंकू आणि हातात वल्हं. कोणी हात हलवला, कोणी फोटो काढला. गुणाबाईला हात हलवायला सवड नव्हती. ती फक्त हसत होती.

आणि मग भिंती संपल्या आणि नाव मोठ्या कालव्यात आली. दोन्ही बाजूंना महाल, ऊन त्यांच्या खिडक्यांवर, पाण्यात त्यांची थरथरती सावली. समोरून माणसांनी भरलेली मोठी मोटारनाव आली आणि तिच्यामागून लाट. लाट पाहिल्याबरोबर मंगरूने बसल्या जागी फळी घट्ट धरली. "आडवी नोको घेऊ! तोंड लाटेकडं कर, तोंड!"

पण तो बोलायच्या आधीच गुणाबाईने दोन जोरकस हात मारून टोक लाटेकडे वळवलं होतं. मागून ब्रुनानेही तेच केलं होतं, एकाच क्षणी. नाव लाटेवर चढली, अलगद उतरली. पाण्याचा एक थेंब आत आला नाही.

ब्रुना काहीतरी बोलली. ज्योत्सना म्हणाली, "माय, ती म्हणते हे मी शिकवलं नव्हतं."

मंगरूने धरलेली फळी सोडली. त्याने महालांकडे पाहिलं, मग पाण्याकडे, मग बायकोच्या पाठीकडे. म्हणाला, "नावेत नुसतं बसून पाह्यलं नव्हतं मी कधी. पाणी लय साजरं दिसते बसून."

"मंग बसा न," गुणाबाई मागे न वळता म्हणाली. "कोण उठवून राह्यलं तुमाले?"

ज्योत्सनाने घरी व्हिडिओ कॉल लावला. फोनवर आधी प्रीतमचं तोंड दिसलं, मग त्याला बाजूला सारून रंजूचं. "मायजी! तुमी? तुमी चालवून राह्यल्या? अवो, हे पाहा, मायजी चालवून राह्यल्या!" मागे आणखी कोणाकोणाचे आवाज. मग रंजूने आवाज खाली आणून विचारलं, "मायजी, मले शिकवान का?"

गुणाबाईने उत्तर द्यायच्या आधी मंगरूने लेकीच्या हातातून फोन घेतला. 

"शिकवील न," तो म्हणाला. "काहून नाई शिकवणार? आल्यावर शिकवील. तवरक तू प्रीतमले सांग, डोंग्याची ती भेग डांबरानं बुजवून ठेव. बाया बसणार आहेत त्याच्यात."

गुणाबाईचं वल्हं अर्ध्यातच थांबलं. मागून ब्रुनाने काहीतरी हाळी दिली, तशी ती भानावर आली आणि पुन्हा ढकलायला लागली, पहिल्यापेक्षा जोराने. पुढे कालवा रुंद होत चालला होता आणि घरांच्या पलीकडे मोकळं पाणी लखलखत होतं.

"थकली नाई का?" ज्योत्सनाने विचारलं. "ब्रुना म्हणते, आता परत फिरायचं का? उद्या सकाळी आठले पुन्हा येऊ म्हणते."

"उद्या बी येऊ," गुणाबाई म्हणाली. "तिले सांग, मी साडेसातलेच येतो. पण आज त्या मोठ्या पाण्यापर्यंत जाऊन येऊ. इतक्या दूर आली मी, आता इथूनच वापस जाऊ का?"

ज्योत्सनाने ते सांगितलं. ब्रुना मोठ्याने हसली, आणि दोन्ही वल्ही एकदम पाण्यात पडली.